रिटायर झालोय, आता दुपारचं करायचं काय?

निवांतपंत_सातारा
मंडळी नमस्कार. 31 मे ला रिटायर झालो. सरकारी नोकरी, लेखा शाखा, 34 वर्षं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखी माझी जन्मतारीख पण गुरुजींनी शाळेत नाव घालताना 1 जून लावून टाकलेली, आई सांगायची की खरा जन्म गौरी-गणपतीतला, म्हणजे बघा तीनेक महिने आधीच घरी बसलो. असो.

सकाळ छान जाते. पाचला उठतो, आमचा ग्रुप अजिंक्यतारा चढतो, खाली येऊन टपरीवर चहा, मग पेपर. घोळ साडेनऊपासून सुरू होतो. हात आपोआप इस्त्रीच्या शर्टाकडे जातो. आणि दुपारी दीड ते साडेचार, काय सांगू, घड्याळ बंद पडलंय की काय असं वाटून मी एकदा खरंच सेल बदलला.

जुलैत एक उद्योग करून बसलो. ही भिशीला गेली होती, म्हटलं चला मदत करू, म्हणून फडताळातले सगळे डबे काढले, पुसले, डाळी एका ओळीत, पिठं एका ओळीत, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं, मसूर, दोन किलो, भरल्याची तारीख. स्टॉक रजिस्टरची सवय हो. ही आली, बघितलं, काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या गायब, फक्त गोंदाचे डाग राहिले ते अजून आहेत. परवा म्हणाली, तुम्ही ऑफिसला जायचात तेव्हा दुपारी तासभर तरी पाठ टेकता यायची.

एका ओळखीच्या दुकानात पार्टटाइम हिशोबाचं काम विचारतायत, महिना 10 हजार. घ्यावं का? तुम्ही लोक दुपारी काय करता?

डबलबेल
पंत राग मानू नका पण तुमचा प्रश्न पेन्शनवाल्यांचा आहे. मी एसटीत कंडक्टर होतो, मी पण 58 लाच सुटलो, पण आमची पेन्शन ती पीएफवाली, महिन्याला तीन हजाराच्या आत, त्यात दूध आणि गोळ्या भागल्या तर भागल्या. त्यामुळे काय करू हा प्रश्न पडायच्या आधीच मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीवर बसलो. दळण घ्यायचं, वजन करायचं, पैसे घ्यायचे. खोटं नाही सांगत, मजा येते. सुट्ट्यावरून भांडण झाल्याशिवाय माझा दिवस जात नाही, 30 वर्षांची सवय.

पहिले सहा महिने मात्र रात्री साडेतीनला जाग यायची. वस्तीची गाडी पहाटे सुटायची ना, तर झोपेत सुद्धा ड्रायव्हर उठला का बघायला उठून बसायचो. हिला वाटायचं मला काहीतरी झालंय. आता 65 ची वाट बघतोय, अर्धं तिकीट होईल. 75 ला तर फुकटच. मग पॅसेंजर म्हणून खिडकीला बसून जाणार कुठंतरी, दारापासल्या सीटवर नाही.

काम घ्या बिनधास्त.

फळा_खडू
पंत, वहिनींची बाजू मी मांडते कारण इथे कोणी मांडणार नाही. मी झेडपी शाळेत शिक्षिका होते. मी रिटायर झाले त्याच महिन्यात घरच्यांनी पोळ्यांच्या मावशी बंद केल्या, का तर आता तू घरीच आहेस ना. आमचे हे माझ्या दोन वर्षं आधी रिटायर झाले तेव्हा मात्र सगळं घर चिंतेत, यांचा वेळ कसा जाणार, यांना करमेल का. माझ्या वेळेला कोणाला वाटलंच नाही की हिचा वेळ कसा जाईल, कारण तो कसा जाणार हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं.

मदत करायची तर डब्यांना हात लावू नका, ते तिचं ऑफिस आहे, तुमच्या टेबलावरच्या फायली कोणी येऊन रंगांप्रमाणे लावल्या असत्या तर? एक काम आख्खं घ्या. आमच्याकडे आता चारचा चहा यांचा. आख्खा म्हणजे दूध आहे का बघण्यापासून ते गाळणं धुण्यापर्यंत, "साखर कुठंय" हा प्रश्न विचारायचा नाही. आणि सकाळी अकराला "आज भाजी कुठली" हे विचारणं आजच्या आज बंद करा 😄

दुपारी नगर वाचनालयात जाऊन बसा की. आणि गोंदाचे डाग खोबरेल तेलाने जातात, थोडा वेळ लावून ठेवायचं.

लेक_पुण्याची
थोडं विषयांतर, सॉरी. पंत तुम्ही लेखा शाखेतले म्हणून विचारते. बाबा राज्य सरकारी नोकरीत होते, ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, गेल्या वर्षी तिचं बोटच मशीनवर लागेना, भांडी घासून रेषा झिजल्यात, तीन चकरा झाल्या. गुडघे दुखतात तिचे. काही उपाय?

निवांतपंत_सातारा
अहो विषयांतर कसलं! बोट लागत नसेल तर चेहऱ्यावरून होतं आता. मोबाईलवर दोन अ‍ॅप घ्या, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. आधी तुम्ही स्वतःचा चेहरा ऑपरेटर म्हणून नोंदवायचा, मग आईचा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, बँक खातं, आधार जवळ ठेवा, आणि फॉर्ममध्ये फॅमिली पेन्शन निवडा, इथे लोक हमखास चुकतात. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. झालं की नंबर येतो तो लिहून ठेवा, आणि चार दिवसांनी स्वीकारला का तेही बघा, नुसता नंबर आला म्हणजे झालं असं नाही. नसेलच जमत तर जुना रस्ता आहेच, कोषागाराची यादी बँकेत येते, आईने तिच्या नावापुढे सही करायची. 30 नोव्हेंबरच्या आत. आई 80 च्या पुढच्या आहेत का? पीपीओची झेरॉक्स आहे ना घरात? आणि त्यावर जन्मतारीख बरोबर पडलीय का ते बघून घ्या, ती चुकली तर 80 नंतरची वाढ अडकते.

लेक_पुण्याची
आई 79. तारीख बघते, आमच्याकडे पण 1 जूनच असणार 😀 खूप आभार काका.

डबलबेल
पंतांनी काउंटर उघडलं वाटतं. माझं पण एक पीएफचं लफडं आहे, नावात स्पेलिंग चुकलंय.

निवांतपंत_सातारा
लिहा की, पण दीडनंतर, सकाळी दुकानात जाऊन येतो, अर्धा दिवस येईन म्हणून सांगणार आहे. फळाताई, खोबरेल तेल चाललं. मसूरचा डबा स्वच्छ झाला. बाकीच्यांना हात लावायची परवानगी अजून मिळालेली नाही.