तैलरंग चढवलेली जुनी आरामखुर्ची: रंग खरवडावा की पुन्हा रंगवावी?

डोंबिवलीकर:
मालवणजवळच्या आमच्या घरातून यंदा मे महिन्यात आजोबांची आरामखुर्ची मी डोंबिवलीला आणली. उतरती पाठ, पाठीपासून बैठकीपर्यंत सलग विणलेला वेत आणि पाय पसरण्यासाठी हातांखालून फिरवून बाहेर काढायच्या लांब फळ्या, अशी ती जुन्या घडणीची खुर्ची आहे. वेत मधोमध फाटला आहे, डावा हात हलतो आणि लाकडावर चॉकलेटी तैलरंगाचे किमान तीन थर आहेत, कारण ज्या ज्या वर्षी घराची दारे रंगवली त्या त्या वर्षी उरलेला रंग काकांनी हिच्यावर संपवला. आतले लाकूड सागवानी आहे असे वडील म्हणतात, तर आत्या ते फणसाचे असल्याचे छातीठोकपणे सांगते. शिवाय मागच्या एका पायाखाली मैद्यासारखा बारीक भुसा पडलेला दिसतो.

ड्रिलला पॉलिश पेपरची चकती लावून बंद बाल्कनीत सगळा रंग घासून काढावा आणि गणपतीपूर्वी पॉलिश करून खुर्ची बैठकीच्या खोलीत मांडावी, असा माझा बेत आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुतारपक्षी:
चकती आधी बाजूला ठेवा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या खुर्चीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असणार, त्यामुळे त्यांत शिसे आहे असे धरूनच चालावे. तो रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांना शिशाचा अपाय सर्वांत जास्त होतो. रंग काढण्याचे घट्टसर द्रावण हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ते गच्चीवर किंवा अंगणात, हातमोजे घालून जाड थरात लावावे, रंगाला सुरकुत्या पडल्या की लांबी (पुट्टी) भरायच्या पत्तीने ओला रंग खरवडावा आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून टाकावा. राहिलेले डाग वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने) ओलेच घासावेत. कुणी कॉस्टिक सोडा सुचवेल. त्याने रंग झटक्यात निघतो हे खरे, परंतु लाकूड काळवंडते आणि सांध्यांतला सरस, म्हणजे लाकूड जोडण्याचा जुना डिंक, तोही सुटतो.

हलणाऱ्या हाताला खिळा मात्र मारू नका. सांधा उघडून जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून पूर्ण काढावा लागतो, कारण त्याच्यावर नवा फेविकॉल धरत नाही. मग लाकूड चांगले सुकू द्यावे, फेविकॉल लावावा आणि सांध्याभोवती सुतळीचे वेढे घालून त्यांत काडी अडकवून पीळ द्यावा, की क्लॅम्पचे काम भागते.

भुसा पडतो तिथे भोके ताजी आहेत का ते पाहा. सागाच्या गाभ्याला हा किडा सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट लाकडाला लागतो. लाकडासाठीचे कीडनाशक बारीक सुईच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडून भोके मेणाने बुजवावीत, आणि खाली काळा कागद पसरून महिनाभर नवा भुसा पडतो का, यावर लक्ष ठेवावे.

राहिला गणपतीचा मुहूर्त. तो सोडून द्या. चपडी लाख (लाखेच्या पातळ पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश पावसाळी दमट हवेत पांढुरके पडते आणि मग सगळी मेहनत वाया जाते. खरवडणे आणि सांधे आत्ता उरका, पॉलिश दसऱ्यानंतर करा. लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडी रात्रभर भिजवून मलमलीतून गाळावी आणि कापसाच्या बोळ्यावर सुती फडके गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पातळ हात द्यावेत. आठ-दहा हात होईपर्यंत काही घडते आहे असे वाटणारच नाही.

वेतकाम:
वेताबद्दल थोडे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातला खरा कष्टाचा भाग तोच आहे. चौकटीच्या कडेला भोके असतील तर वेत हाताने विणलेला आहे. दोन उभ्या, दोन आडव्या आणि दोन तिरप्या अशा सहा फेऱ्यांतून ती अष्टकोनी जाळी तयार होते. पट्ट्या अर्धा तास पाण्यात भिजवून विणाव्यात. सुकताना त्या आक्रसतात आणि जाळी ताठ होते. म्हणूनच तिरप्या फेऱ्यांआधी हात फार आवळू नये. विणकाम पॉलिशनंतर करावे आणि वेताला खालून काहीच लावू नये, म्हणजे पुढे बैठक सैल झाली तरी खालून गरम पाण्याचा फडका फिरवून सुकवली की ती पुन्हा घट्ट होते. पहिल्याच खेपेस पाठ आणि बैठक सलग विणायला घेण्यापेक्षा हे काम कारागिराला द्यावे असे माझे प्रामाणिक मत आहे; अंध व्यक्तींच्या प्रशिक्षण संस्थांतून हे काम पूर्वापार शिकवले जाते, तिथे चौकशी करावी.

सांजवारा:
मतभेद नोंदवतो. रुंद हातांच्या खुर्चीवर चहाचा कप ठेवला जाणारच, आणि लाखेच्या पॉलिशवर गरम कपाचे पांढरे वर्तुळ उमटते. मेलामाइनचे कृत्रिम पॉलिश अधिक टिकाऊ नाही का?

सुतारपक्षी:
टिकाऊ आहे. पण त्याला ओरखडा पडला की बहुधा सगळा भाग नव्याने करावा लागतो, आणि लाखेवरचा डाग स्पिरिटच्या ओलसर फडक्याने घरच्या घरी दुरुस्त होतो. कपाखाली बशी ठेवावी, बाकी काही नाही.

डोंबिवलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी गच्चीवर उजवा हात आणि मागचे पाय मोकळे केले. रंगाखालचे लाकूड तेलकट लागले आणि त्याला चामड्यासारखा वास आला, म्हणजे सागवानच. डावा हात मात्र पिवळाधमक निघाला. तो कधीतरी बदललेला असावा आणि तो फणसाचा आहे. वडील आणि आत्या, दोघांनाही छायाचित्रे पाठवली आहेत. आता त्या हातावर सागाच्या छटेचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) द्यावा का?

सुतारपक्षी:
देऊ नका. फणस उजेडात आपोआप तांबूस तपकिरी होत जातो. दसऱ्यापर्यंत तो हात उजेडाच्या दिशेला करून ठेवा, मग ठरवू.