बोटाएवढं माकड घरी पाळता येतं का?

शुभदा_नाशिक:
भाचा आठवीत आहे. कुणाच्या तरी अंगठ्याला बिलगलेलं माकड मोबाइलवर पाहिलं आणि वाढदिवसाला तेच हवं म्हणून हटून बसलाय. एक विक्रेता म्हणतो, ‘फिंगर मंकी, केळी खातं, काही त्रास नाही.’ हे नक्की कुठलं माकड? एवढंसंच राहतं?

नापोकाठचा:
राहतं, ताई. पिग्मी मार्मोसेट म्हणतात. पूर्ण वाढलेलं जेमतेम सव्वाशे ग्रॅम, शेपूट अंगापेक्षा लांब. मी इक्वाडोरमध्ये नापो नदीच्या काठी पाहिलंय. वाटाड्या ‘लिओन्सियो, लिओन्सियो’ (छोटा सिंह!) म्हणत बोट दाखवतोय आणि मला नुसतं खोड दिसतंय. मग खोडाचाच एक तुकडा खाली सरकला.

त्या झाडाच्या सालीची भोकं पाडून चाळण झाली होती. खालच्या पटाशीच्या दातांनी साल कुरतडायची, डिंक पाझरला की चाटायचा. आपल्याकडे बाभळीला खाचा पाडतात तसंच. डिंक पचायला जड, पण यांच्या आतड्यातले जंतू तो आंबवतात. जोडीला किडे, नाकतोडे. केळ्यांवर जगणारा हा प्राणीच नव्हे. बोटांना नख्या असतात, म्हणून खारीसारखं उभ्या खोडाला चिकटता येतं.

टोळीत सहसा एकच मादी विते, बहुधा जुळं. दूध आई पाजते, बाकी वेळ पिल्लं बापाच्या नाहीतर थोरल्या भावंडांच्या पाठीवर. तान्ह्या बाळासारखी बोबडी बडबडही करतात, मोठ्यांचे सगळे आवाज एकापाठोपाठ एक, उगाचच. तुमच्या व्हिडिओतलं पिल्लू अंगठ्यात बापाची पाठ शोधत असणार, असं आपलं माझं मत.

गोठ्यातला_डॉक्टर:
मी गुरांचा डॉक्टर. तरी गेल्या वर्षी एकानं मार्मोसेट आणलं, यापेक्षा जरा मोठ्या जातीचं. बंद खोली, बिस्किटं, केळी. ऊन नाही म्हणून ड३ जीवनसत्त्व नाही. हाडं इतकी मऊ की जबडा बोटानं दबत होता. वाचलं नाही. शिवाय २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यानं असल्या परदेशी प्राण्याची नोंदणी लागते. विक्रेत्याकडे कागद मागून बघा.

शुभदा_नाशिक:
कागद मागितले, फोन बंद. त्याआधी डिंकाचं विचारलं होतं तर ‘कसला डिंक?’ म्हणाला. भाच्याला सगळं वाचून दाखवलंय. सध्या अंगणातल्या शेवग्याचा डिंक चाटून बघतोय. थुंकतोय, परत चाटतोय.