शीर्षकातच शेवट?

पुस्तकांवरच्या ऑनलाइन चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'पुस्तक येऊन महिना झाला की रहस्यभेद चालतो', म्हणजे कथेतलं रहस्य किंवा शेवट उघड केला तरी चालतो. हे मत मला पटलं नाही. पुस्तक म्हणजे काही क्रिकेटचा सामना नव्हे, सगळ्यांनी एकाच रात्री बघायला. कुणी अनुवादाची वाट बघत असतं, कुणाचा वाचनालयातला नंबरच उशिरा लागतो.

आणि खरा घोळ चर्चेच्या शीर्षकात असतो. आत 'रहस्यभेद, जपून' असं लिहायचं आणि शीर्षक द्यायचं 'तो मेला यावर विश्वासच बसत नाही'! मग झाकलंत काय? 'सातव्या प्रकरणापर्यंत थांब, मग बोलू' हा खोडसाळपणाही त्यातलाच. माझं झालंय असं. पुढे मी कथा वाचलीच नाही, नुसती सातव्या प्रकरणाची वाट बघत बसलो.

२०११ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात शेवट आधी कळलेल्यांना कथा उलट जास्त आवडल्या होत्या. असेलही. पण त्या होत्या लघुकथा. सहाशे पानांत आठवडाभर अडकलेल्या माणसाचं काय? आधी कळून घ्यायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या की.

मी शीर्षकात पुस्तकाचं नाव आणि 'प्रकरण १२ पर्यंत' एवढंच लिहितो. तेरावं वाचलेल्यांनी बाराव्यापर्यंतच्या चर्चेत येऊन गालातल्या गालात हसू नये, इतकीच विनंती.