फ्रीमेसन पदक मिळालंय, मूळ मालकाचं घराणं कसं शोधू?

तापीकाठ:
राम राम मंडळी. भुसावळला एका सराफाकडे मोडीच्या चांदीत एक पदक दिसलं. वितळायला जाणार होतं, म्हणून मोडीच्याच भावाने घेऊन आलो. निळ्या फितीला गवंड्याचा गुण्या, त्याखाली लोंबणारी छोटी चौकट, तीत त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर चौरस. मागे ‘प्रेझेंटेड टू’ आणि इंग्रजी नाव, लॉजचा (म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या शाखेचा) नंबर, ‘ई. सी.’ आणि १९११. गावाचं नाव पार झिजलंय. माणूस रेल्वेतला असावा. त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचायचंय. सुरुवात कुठून करू?

जुनं_नाणं:
भाऊ, आधी ते घासू नका! चिंच नको, रांगोळी नको. अंधारात बाजूने टॉर्च मारा आणि भिंगातून पाहा, झिजलेली अक्षरं कधी कधी उठून दिसतात. ती आकृती म्हणजे पायथागोरसचा सिद्धान्त, युक्लिडचं ४७ वं प्रमेय. इंग्लंडच्या पद्धतीत ही माजी मास्टरची खूण, म्हणजे तुमचा माणूस लॉजचा प्रमुख राहिलेला. ‘ई. सी.’ म्हणजे इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन, लंडनच्या ग्रँड लॉजच्या (मुख्य संस्थेच्या) हाताखालची लॉज, ‘एस. सी.’ (स्कॉटिश) असतं तर एडिंबरोला लिहावं लागलं असतं. मागच्या बारीक छापांत जहाजाचा नांगर असेल तर चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली. तिथल्या एकट्या अक्षरावरून तपासणीचं साल निघतं. पदक दिलं ते साल वेगळं असू शकतं.

यावलचे_आबा:
नंबर आहे ना, मग गावापाशी अडू नका. ‘लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स’ ही लॉजांची यादी नेटवर फुकट आहे. १८९४ पर्यंत निघालेली लॉज असेल तर नंबर टाकला की गाव येतं. इंग्लंडच्या लॉजांचे नंबर सरसकट बदलले ते शेवटचे १८६३ साली, त्यामुळे १९११ चा नंबर बिनधास्त वापरा. पुढचं काम ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर, पैसे पडतात. तिथे १७५१ ते १९२१ ची सभासद रजिस्टरं आहेत: नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. रेल्वेचं तिथेच ठरवा. भुसावळला मिळालं म्हणून जीआयपी रेल्वेचाच माणूस असं धरून चालू नका. खानदेशात जंगल आणि पोलीस खात्यातही गोरे अधिकारी होते.

वाघूर:
दादा, रजिस्टरात नाव सापडलं की त्याच्या लेकरांचा माग काढा, वंश तिथूनच पुढे सरकतो. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत, फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर पाहता येतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव आणि बापाचा हुद्दा असतो. एकाच नावाचे दोन इसम निघाले तर हुद्द्यावरून वेगळे करता येतात. ‘फिबिस’ (ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा माग काढणारी संस्था) हिच्या साइटवरचा शोधही फुकट आहे, तो आधी करा. आणि हयात वंशज सापडले तर त्यांचं नाव-गाव इथे टाकू नका. आधी त्यांना पत्र लिहा.

तापीकाठ:
नांगर आहे! शेजारी सिंहही आहे. आज रात्रीच नंबर टाकून बघतो. फीत पार विरलीय, नवी लावू का?

जुनं_नाणं:
मुळीच नको. फीत आहे तशी राहू द्या. पीव्हीसीच्या पाकिटात मात्र ठेवू नका, चांदी खराब होते. आम्लविरहित कागदात गुंडाळा. आणि हाताळण्याआधी दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढून ठेवा.