जुन्या कंट्री गाण्यांतल्या 'गोळ्या' कसल्या?

गंगापूररोडकर: शनिवारी नाशकात कॉलेज रोडला जुन्या कंट्री-रॉकाबिलीची, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाच्या आणि सुरुवातीच्या रॉक गाण्यांची, श्रवणबैठक आहे. 'सिक्स डेज ऑन द रोड'मधल्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे ॲस्पिरिन का?

गोदाकाठ: नाही हो. डेव्ह डडलींचं १९६३चं हे गाणं ट्रकचालकाचं आहे. गोळी घेतली की डोळे टक्क उघडे राहतात, ही जागा नीट ऐका. ॲस्पिरिननं झोप उडत नाही. ती ॲम्फेटामिन, म्हणजे झोप उडवणारं उत्तेजक औषध, लांब पल्ल्याचे चालक जागं राहायला घ्यायचे.

रेकॉर्डवाला: 'कोकेन ब्लूज' लावणार असाल तर आवृत्ती आधी तपासा, गफलत इथेच होते. कंट्री गायक जॉनी कॅशनी १९६०च्या अल्बममध्ये हेच गाणं 'ट्रान्सफ्यूजन ब्लूज' नावानं गायलं आणि 'कोकेन' शब्द काढून टाकला. १३ जानेवारी १९६८ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात, कैद्यांसमोर, तो शब्द परत आला. आधी १९६०चं, लगेच फॉल्समचं लावा. बदल आपोआप कानात भरतो. चाळिशीच्या दशकातलं रॉय हॉगसेडचं मिळालं तर सगळ्यात आधी तेच, फारच सुंदर आहे.

गोदाकाठ: आणि नर्व्हस नॉर्व्हसचं १९५६चं 'ट्रान्सफ्यूजन' या यादीत घेऊ नका. नाव सारखं, पण त्यात बेफाम गाडी हाकणाऱ्याला खरोखरच रक्त चढवतात.

गंगापूररोडकर: दादा, हाच क्रम लावतो. आभार!