लेक कड्यांवर का चढते?

प्रश्न (परळ): लेक शनिवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडते, रविवारभर कड्यावर. सोमवारी बोटं सोललेली, पण चेहरा उजळलेला. जिवाशी खेळ कशासाठी? माझा जीव टांगणीला लागतो हो.

उत्तर (डोंबिवली): ताई, बावीस वर्षं चढतोय. लिंगाणा किल्ल्याच्या कातळात बोटं रुतली की हप्ते, ऑफिस सगळं गळून पडतं, उरते फक्त पुढची हातभर खाच. मरायची हौस कुणालाच नसते. निघण्याआधी जोडीदार माझी दोराची गाठ ओढून बघतो, मी त्याची. इतका विश्वास मला दुसरीकडे कुठेच मिळाला नाही. एकदा पायथ्याशी या तिच्यासोबत.

उत्तर (दादर): माझा मुलगा धरमतर ते गेटवे पोहला, सुमारे 36 किलोमीटर. होडीत मी रडत होते, तो पाण्यात हसत होता. तेव्हापासून विचारणं सोडलं. डबा मात्र भरून देते.