अँटेनाची कोॲक्स जमिनीखालून: पाइपातून की थेट मातीत?

मास्टकरी
वाद भरकटू नये म्हणून उदाहरण ठरवून घेऊ. बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, तिथून हॅम रेडिओच्या खोलीपर्यंत ३० मीटर, वाटेत गाडी आत येण्याची जागा. एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) एक कोॲक्स, म्हणजे मधे तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली केबल, १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झसाठी दुसरी, सोबत अँटेना फिरवणाऱ्या रोटेटरची वायर.

माझं मत: काहीही झालं तरी पाइपातूनच. ६३ मिमी एचडीपीई, ४५ सेंमी खोल, गाडीच्या वाटेखाली ६०. दहा मिमीच्या दोन केबलींना एवढा पाइप कशाला? तर कनेक्टरसाठी. पीएल-२५९ साधारण १८ मिमी जाड, एन-टाइप त्याहून थोडा जास्त. टेबलावर नीट बसवलेला कनेक्टर तसाच्या तसा पाइपातून बाहेर आला पाहिजे. खड्ड्याच्या काठावर, वाऱ्यात केलेलं सोल्डर भरवशाचं नसतं. काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्या. आत नायलॉनची दोरी कायमची ठेवा आणि केबल ओढताना तिच्यासोबत नवी दोरी जाऊ द्या. पुढेमागे तिसरी केबल लागली तर अंगण उकरावं लागणार नाही.

रेगूर
या सगळ्यात पाणी कुठे आहे? सांधे कितीही पक्के करा, पाइपात पाणी होतंच. पावसाळ्यातली दमट हवा टोकांतून आत जाते, रात्री पाइप गार पडला की आतून दव धरतं आणि सगळ्यात खालच्या जागी साचतं. मग कोणीतरी सांगतं, तळाला भोक पाडा, खाली खडी भरा. काळ्या मातीत हे चालत नाही. एकदा भिजली की ही माती पाणी खाली जाऊ देत नाही. खडीचा खड्डा तुडुंब राहतो आणि त्याच भोकातून पाणी आत येतं. आडवी विहीर झाली ती.

थेट पुरण्यासाठी बनवलेली जेलवाली केबल घ्या, उदा. एलएमआर-४००-डीबी. पॉलिथिनच्या आवरणाखाली केबलीच्या जाळीत चिकट जेल भरलेलं असतं, त्यामुळे आवरणाला चीर गेली तरी पाणी जाळीतून पुढे सरकत नाही. चराच्या तळाला १० सेंमी वाळू, केबल, वर पुन्हा १० सेंमी वाळू, त्यावर विटांची आडवी ओळ, १५ सेंमी माती आणि मग पिवळी सावधान पट्टी. केबल ताणून टाकू नका, नागमोडी टाका, ३० मीटरला मीटरभर जास्त. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. ताठ टाकलेल्या केबलीवरचा सगळा ताण शेवटी कनेक्टरवर येतो, आतली पिन मागे सरकते आणि संपर्क येतो-जातो व्हायला लागतो.

मास्टकरी
आणि घूस? तिला तर वाळू मऊच लागते. एका जागी दात लागले की तुमची अख्खी केबल उकरून काढायची. पाणी होतं हे कबूल. म्हणून भोक पाडायचंच नाही. मीटरला १ सेंमी उतार द्या, खालच्या टोकाला ३० × ३० सेंमीचं चेंबर बांधा, पाऊसभर अधूनमधून हातपंपाने उपसा. आणि पाइप आहे म्हणून कुठलीही केबल चालेल, असं मी म्हटलेलं नाही. पाइपातही जेलवालीच टाका.

तारेवरचा
दोघंही खणताय कशाला? मास्ट ते गच्ची ४ मिमीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ओढा, मधे एक खांब द्या, केबल दर ४० सेंमीला काळ्या, उन्हात टिकणाऱ्या टायने बांधा. दोष डोळ्यांना दिसतो, तासाभरात केबल बदलून होते.

जांभा
कोकणात करून बघा. वानरं त्या तारेवर झोके घेतात, वरून नारळाची झावळी पडते. तार टिकते, कनेक्टर टिकत नाही.

रेगूर यांचं भोकाबद्दलचं म्हणणं काळ्या मातीपुरतंच आहे. जांभ्यातून पाणी झिरपून जातं. इथे पाइपाच्या तळाला दर ३ मीटरला ६ मिमीचं भोक पाडा, त्यावर बारीक जाळी गुंडाळा, खाली खडी घाला. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. इथली रड खणण्याची. जांभा फोडायचा म्हणजे पहारीचं काम. ३० सेंमीवर थांबून पाइपावर ७-८ सेंमी काँक्रीट ओता. जमिनीतून वर येणारा शेवटचा मीटर जीआय पाइपाचा करा, उंदीर तिथेच लागतात. पण त्या जीआय तुकड्याची दोन्ही टोकं अर्थच्या तारेला जोडा. आतून जाणाऱ्या अर्थच्या तारेभोवती नुसताच सोडलेला लोखंडी पाइप विजेच्या प्रवाहाला अडवतो, आणि तो मग दुसरी वाट शोधतो.

डेसिबल
पाइप की माती या भांडणात केबल कोणती हे बाजूलाच राहिलं. नेहमीच्या आरजी-२१३ कोॲक्सचा ३० मीटरला तोटा, म्हणजे वाटेत वाया जाणारी शक्ती, अंदाजे असा (३ डीबी म्हणजे निम्मी शक्ती गेली): १४ मेगाहर्ट्झला ०.७ डीबी, १४५ ला २.५, ४३५ ला ४.५. एलएमआर-४०० ला १४५ वर १.५ आणि ४३५ वर २.६. म्हणजे १४५ वर ५० वॉट सोडले तर आरजी-२१३ मधून अँटेनापर्यंत २८ पोचतात, एलएमआरमधून ३५. एचएफच्या केबलीवर जास्त पैसे घालवू नका, दुसरीवर घालवा. बारीक, जास्त तोट्याची आरजी-५८ पुरण्याचा विचारही नको.

मात्र एलएमआरची मधली तार ॲल्युमिनियमची, वर फक्त तांब्याचा मुलामा. कनेक्टरमधून पाणी शिरलं की आतून पांढरी भुकटी निघते. जेल जाळीपुरतं असतं, कनेक्टर वाचवणं तुमच्याच हातात. आधी स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून, खालून वर, प्रत्येक वेढा निम्मा झाकत गुंडाळा. तिच्यावर साधी विनाइल टेप. केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप, १ म्हणजे उत्तम) चांगला म्हणून केबल चांगली, हे तर डोक्यातून काढाच. परतणारी लाटही केबलीतच विरते. अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ असेल आणि केबलीत ३ डीबी तोटा असेल, तर रेडिओला १.७ च्या आसपास दिसतो. भिजलेली केबल मीटरवर उलट छानच वाटते. म्हणून चर बुजवण्याआधी पलीकडचं टोक शॉर्ट करून नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्रावर एस११, म्हणजे परत आलेल्या लाटेचा आकडा, बघा. लाट जाऊन परत येते, म्हणून आकडा निम्मा केला की तोटा मिळतो. वरच्या आरजी-२१३ ला १४५ वर सुमारे उणे ५ डीबी दिसायला हवेत. आकडा लिहून ठेवा आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा.

तारेवरचा
पुरल्यावर नॉइज जातो असंही सांगतील आता.

डेसिबल
जात नाही, थोडा कमी होतो. ७ मेगाहर्ट्झची लाट मातीत मीटरभर सहज उतरते, ४५ सेंमीने तिचं काय अडणार? जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह थांबवायला चोकच लागतो: एफटी२४०-३१ या फेराइटच्या कड्यावर आरजी-४०० या बारीक कोॲक्सचे १० ते १२ वेढे, एक अँटेनाशी आणि एक घरात शिरण्याआधी. आणि घराची विजेची केबल त्याच चरात टाकू नका. किमान ३० सेंमी अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

जांभा
केबल जमिनीखाली आहे म्हणून विजेचं भय नाही, हा समज धोक्याचा आहे. मास्टच्या पायाशी अर्थ रॉड, घरात शिरताना धातूच्या पट्टीवर गॅस ट्यूबचे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे), आणि ती पट्टी घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेली. रेडिओला वेगळा अर्थ देऊन मोकळं होऊ नका. वीज जवळ पडली की दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो रेडिओतून वाट काढतो. मास्ट आणि घर यांचे अर्थ जोडणारी उघडी तांब्याची तार त्याच चरात, पण पाइपाच्या बाहेर, मातीला लागून टाका.

रेगूर
अर्थचं मान्य. चेंबर अजून पटत नाही. ऐन पावसात महिनाभर घराला कुलूप असलं तर उपसणार कोण?

मास्टकरी
कोणीच नाही. पाणी साचेल, जेलवाली केबल पाण्यात पडून राहील, तुमची ओल्या मातीत राहतेच तशी. दसऱ्याला येऊन उपसा. खराब निघाली तर मी दोरीला बांधून नवी ओढून घेईन.